नागोयाच्या पुस्तकांच्या दुकानांतून निघालेली गिटार

जपानांतील नागोया शहराचें नांव आपण ऐकलें असेल. परंतु त्या शहराचें एक वाद्य आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं येऊन गेलें आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवितात तें बुलबुलतरंग म्हणजे मूळचें जपानी 'ताइशोगोतो'. गोरो मोरिता यांनीं तें १९१२ च्या सुमारास नागोया येथें तयार केलें. मासाकिची सुझुकी यांचा व्हायोलिनचा कारखानाही तेथलाच. अशा वाद्यकारांच्या गांवीं, पुढें विजेच्या गिटारींकरितां जगभर गाजलेली 'इबानेझ' ही छाप जन्मास यावी, हें स्वाभाविकच होतें. चमत्कारिक आहे तें तिचें नांव. तें जपानी तर नाहींच. शिवाय ज्या माणसाचें तें नांव, तो या छापेची पहिली जपानी गिटार निघण्यापूर्वीं पंधरा वर्षें निवर्तला होता.

नागोयांत होशिनो घराण्याचें पुस्तकांचें दुकान होतें. १९०८ सालीं त्या दुकानांत वाद्यांचा विभाग निघाला. पुस्तकांच्या शेजारीं स्वरलिपींचे कागद आणि त्यांच्या शेजारीं वाद्यें, अशी ती वाढ झाली. १९२९ सालीं या विभागाची स्वतंत्र कंपनी झाली. त्याच वर्षीं आंद्रेस सेगोव्हिया हे थोर स्पॅनिश वादक जपानांत येऊन गेले, आणि त्याच वर्षीं होशिनो यांनीं स्पेनमधील व्हॅलेन्शिया शहरांतून गिटारी मागविण्यास आरंभ केला. त्या ज्या पेढीच्या होत्या, तिचे संस्थापक साल्व्हाडोर इबान्येझ १९२० मध्यें वारले होते. १९३३ सालीं ती कार्यशाळाही टेलेस्फोरो हुल्वे यांनीं विकत घेतली. तेव्हां १९३५ पासून होशिनो स्वतःच गिटारी करूं लागले. त्यांवर नांव घातलें प्रथम 'इबानेझ साल्व्हाडोर' आणि मग नुसतें 'इबानेझ'. हा त्या कारागिराविषयींचा आदर, असें सांगण्यांत येतें. असेलही, पण स्पॅनिश नांवाच्या गिटारीला गिऱ्हाईक लवकर मिळतें, हें पिढीजात दुकानदाराला कोणी शिकवावयास नको होतें.

पुढें महायुद्ध आलें. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत नागोयाचा मोठा भाग बेचिराख झाला, तेथील प्रसिद्ध किल्ला जळाला. होशिनो यांचा कारखानाही या युद्धांतच नष्ट झाला. राहिलें तें नांव. १९५५ पासून कंपनीनें परदेशीं माल पाठविण्यावर भर दिला आणि १९५७ पासून इबानेझ गिटारींचा नवा काळ सुरू झाला. या काळांत विजेची गिटार पुढें आली.

विजेच्या गिटारीचें मर्म असें आहे. साध्या गिटारीची पोकळ पेटी तारेचा क्षीण नाद मोठा करते. तिचें पातळ लांकूड कमावण्यांत कारागिराचें आयुष्य जातें. विजेच्या गिटारींत पोलादी तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, वेटोळ्यांत तशीच थरथरणारी वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक तिचा मोठा आवाज करतो. पेटीवांचून काम भागतें; भरीव फळीही चालते. म्हणूनच मात्सुमोतो येथें शिवणयंत्रांच्या पेट्या करणारा मात्सुमोकू कारखानासुद्धां गिटारी करूं शकला!

होशिनो यांनीं १९६२ सालीं 'तामा' हा आपला कारखाना काढला. १९६५ मध्यें 'व्हेंचर्स' या अमेरिकन वादकांच्या दौऱ्यानंतर तर जपानी तरुणांना विजेच्या गिटारीचें वेडच लागलें. पण थोड्याच वर्षांत होशिनो यांनीं गिटारी दुसऱ्यांकडून करवून घेण्याचें धोरण धरलें, आणि त्यांचें बरेंचसें काम १९६० सालीं मात्सुमोतोस निघालेल्या फुजिगेन कारखान्याकडे गेलें.

आतां खरी गोम येथें आहे. १९७० नंतरच्या इबानेझ गिटारी बहुतांशीं गिब्सन, फेंडर या अमेरिकन वाद्यांच्या हुबेहूब नकला होत्या. नकलेला हंसणें सोपें आहे. परंतु उत्तम वाद्य समोर ठेवून त्याच्यासारखें शंभरदां करणें, हीही एक शाळाच होय, आणि वर्षागणिक हा माल सुधारत गेला. माल वाईट होता तोंवर गिब्सनवाल्यांना त्याची फारशी क्षिति नव्हती, असें मला वाटतें. १९७७ सालीं गिब्सनची मालक नॉर्लिन कंपनी फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत गेली. गंमत ही कीं, वाद नादाविषयीं नव्हता. खुंट्या बसवितात त्या शिराच्या आकाराविषयीं होता. दुकानांतील भिंतीवर टांगलेली गिटार गिऱ्हाईक शिरावरूनच ओळखतो ना!

१९७८ सालीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तोंवर होशिनो यांनीं शिराचा आकार बदललाही होता. 'आइसमन' हा त्यांचा स्वतंत्र घाट १९७५ पासूनच निघाला होता आणि जॉर्ज बेन्सन या प्रसिद्ध अमेरिकन जाझवादकाकरितां त्यांनीं खास गिटार आंखली होती. तिच्याही शिरावर व्हॅलेन्शियाच्या त्या कारागिराचें आडनांव होतें.