कृत्रिम बर्फ आणि स्कीचे मेण

२००५ साली दुबईत ‘स्की दुबई’ सुरू झाले. बाहेर वाळवंटातले ऊन आणि आत छपराखाली बर्फाचा उतार! अशा उतारावर स्वतःची स्की, म्हणजे पायांना बांधायच्या लांब पट्ट्या, नेणाऱ्यांना प्रश्न पडतो : तळाला मेण कोणते लावावे?

आधी मेण का लावतात ते पाहू. स्की सरकताना घर्षणाने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो. ते पाणी तळाला चिकटले तर वेग मंदावतो. मेण लावले की ते अळवावरच्या पाण्यासारखे निसटते.

कडक थंडीत कठीण मेण आणि बर्फ शून्य अंशाच्या जवळ असेल तर मऊ मेण, हा सर्वसाधारण नियम. छपराखालचा बर्फ शून्याच्या थोडाच खाली असतो. म्हणजे मऊ मेण हवे, असे वाटेल. पण आकाशातून पडणारे हिमकण नाजूक चांदण्यांसारखे असतात, तर यंत्राचा बर्फ म्हणजे गोठलेल्या थेंबांचे टणक दाणे. ते मऊ मेण लवकर खरवडून काढतात. शिवाय मऊ मेणाला मळही चिकटतो. म्हणून नियमापेक्षा एक पायरी कठीण मेण घ्यावे.

फ्लोरिनयुक्त मेण मात्र टाळावे. त्यातील रसायने निसर्गात वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि इस्त्रीने ते वितळवताना निघणारा धूर फुफ्फुसांना घातक असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत त्यावर बंदी घातली आहे. वेग थोडा कमी चालेल, श्वास महत्त्वाचा!