कॅम्पातला रविवार

चेंबूर स्टेशनाबाहेरच्या बाजारात भाजी-फळांपासून कपड्यांपर्यंत सगळं मिळतं; पण चेंबूरचा इतिहास बघायचा असेल तर रविवारी सकाळी कॅम्पात जावं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. इथे कमान नाही, बुरूज नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली, तिची नजर मुख्यतः वास्तूंवर. निर्वासितांच्या साध्या घरांकडे वारसा म्हणून कुणी पाहत नाही. चेंबूरभर पुनर्विकास चालू आहे, जुनी घरं राहणार नाहीत. तेव्हा या वस्तीची ओळख टिकेल ती रस्त्यावरच्या खाण्यात आणि खरेदी-विक्रीत. म्हणून कॅम्पातला हा रस्त्यावरचा बाजारच वारसा मानून कायद्याने जपला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी माणसाला इथे स्वतःचं राज्य नाही. त्याची भाषा आठव्या अनुसूचीत आली तीही १९६७ साली. कल्याणजवळच्या छावणीचं उल्हासनगर झालं, तसं चेंबूरला नगर झालं नाही, गल्ल्या झाल्या. ज्या समाजाला नकाशावर प्रांत नाही, त्याला अशा गल्ल्यांचाच आधार. भाजीवाल्याकडे कमळकाकडी दिसते, तिला सिंधी घरांत ‘भी’ म्हणतात. तिच्या भोकांत तळ्याचा चिखल बसलेला असतो, म्हणून ती चिरून, धुऊन, पुन्हा धुऊन घ्यावी लागते. मागणारं गिऱ्हाईक असतं म्हणूनच विकणारा ती आणतो. होळीच्या सुमाराला दिसणाऱ्या घियर या सिंधी मिठाईचंही तेच.

याच बाजारातल्या दाल-पकवानाकडे जरा नीट पाहावं. मैद्यात जिरं-मिरी घालून लाटलेली, फुगू नये म्हणून टोचे मारलेली, मंद आचेवर तळलेली मोठी कडक पुरी म्हणजे पकवान. सोबत हरभऱ्याची डाळ, शिजलेली पण दाणा न मोडलेली. वर चिंचेची आणि हिरवी चटणी, चिरलेला कांदा. पकवान तळून ठेवलं तरी तासन्‌तास कुरकुरीत राहतं, डाळ एका पातेल्यात मावते. भांडवल थोडं आणि जागा त्याहून थोडी असलेल्या माणसाला धंदा उभा करायला याहून सोयीचा पदार्थ क्वचितच मिळेल. सिंधी घरातला हा रविवारचा नाश्ता आज चेंबूरच्या मराठी आणि तमिळ घरांतलाही झाला आहे.

बाजार कायद्याने जपण्यावर पहिला आक्षेप पादचाऱ्यांच्या अडचणीचा, आणि तो खरा आहे. एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीनंतर २०१७ साली उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरांत फेरीवाल्यांना मनाई केली, ती योग्यच. पण रहदारीच्या तोंडावरची गर्दी आणि वस्तीच्या पोटातला बाजार यांना एकच नियम लावता येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातच तरतूद आहे की पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते धंदा करत आलेला नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. कॅम्पाचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलं आहे. दुसरा आक्षेप असा, की आज तिथल्या गाड्यांवरचे सगळेच हात सिंधी नाहीत, मग वारसा कुणाचा? कायदा विक्रेत्याची जात-भाषा विचारत नाही, बाजाराचं वय विचारतो. पकवान लाटायला शिकलेला उत्तर भारतीय कारागीर ही परंपरा पुढे नेतोच आहे.

तिसरी भीती मला अधिक गंभीर वाटते: एकदा वारसा म्हटलं की कमानी उभ्या राहतात, भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी हे केलं तेच बाहेर फेकले जातात. म्हणून सुशोभीकरण नकोच. जागेची निश्चिती, विक्री प्रमाणपत्र, पिण्याच्या पाण्याचा नळ, ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी आणि रविवारी सकाळी काही तास त्या गल्ल्यांत वाहनांना बंदी, एवढं पुरे. ते ठरवण्यासाठी पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.