ख्मेर शब्दकोश कसा उघडावा



मेडशीहून पातूर, अकोला, अकोट अशा वाटेनें उत्तरेस गेलें म्हणजे मेळघाटाचे डोंगर लागतात. तेथील कोरकू लोकांच्या भाषेंत एकास 'मिया', तिनास 'आफई' व चारास 'उफुन' म्हणतात. दूर कंबोडियांतील ख्मेर भाषेंत हेच आंकडे 'मुओय', 'बेइ', 'बुओन' असे आहेत. हें साम्य आकस्मिक नव्हे. विल्हेल्म श्मिट यांनीं १९०६ सालीं ज्या भाषाकुलास ऑस्ट्रो-एशियाटिक असें नांव दिलें, त्यांतल्याच या दोन भाषा होत. तेव्हां वऱ्हाडांत बसून ख्मेर शिकूं पाहणारानें ती अगदींच परकी मानण्याचें कारण नाहीं.

शब्दकोशाचेंही तसेंच. एमोनिए यांचा ख्मेर-फ्रेंच कोश १८७८ सालीं सायगांव येथें निघाला. रॉबर्ट हेडली व त्यांचे सहकारी यांचा ख्मेर-इंग्रजी कोश १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. ख्मेर लिपीचें मूळ दक्षिण भारतांतलें, म्हणून तिची वर्णमालाही आपल्यासारखीच क, ख, ग, घ अशी चालते. इंग्रज विद्यार्थी जेथें चांचपडतो, तेथें आपलें बोट नेमकें पडतें.

घोटाळा होतो तो पुढें. अक्षरें आपल्या ओळखीचीं राहिलीं, उच्चार मात्र फिरले. लिहितात 'ग', वाचतात 'क'. म्हणून 'गुरु'चा झाला 'क्रू' आणि 'नगर'चें झालें 'नोको'. 'देवता' या शब्दांत तर 'द'चा 'त' आणि 'त'चा 'द' होऊन 'तेवदा' ऐकूं येतें! अर्थही सरकले आहेत. 'भूमि'पासून आलेला 'फूम' म्हणजे खेडें. 'प्रदेश' म्हणजे सबंध देश. आणि 'पुण्य' या शब्दाचा 'बोन' होऊन त्यास सण असाही अर्थ आला. केवळ संस्कृताच्या भरंवशावर बसलेला मनुष्य शेजाऱ्याच्या सणाची साधी हकीकत ऐकून ती पुण्यसंचयाची कथा समजावयाचा.

यासाठीं माझी सूचना अशी कीं, नुसत्या रोमन अक्षरांत शब्द छापणारीं प्रवासी-पुस्तकें टाळावींत. त्यांत मूळ लेखन दिसत नाहीं, आणि प्रत्येकाची धाटणी निराळी. त्यापेक्षां स्वतःची वही करून तींत चार रकाने आंखावे : ख्मेर लेखन, त्याचें देवनागरी लिप्यंतर, कानांनीं ऐकलेला उच्चार, आणि चालू अर्थ. दुसरा व तिसरा रकाना कधींही एक करूं नये. एका शब्दापुरती मात्र सवलत आहे. शाळेस तेथें लिहितातही 'साला' आणि म्हणतातही 'साला'. तें ऐकून कोणीं रागावूं नये.