दिवसभर बाळ कुणाकडे?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोड कुटुंबांचे ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून दोघं फडात ऊस तोडतात, बाई मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवते आणि बांधालगत पाचटावर गोधडी अंथरून वर्षा-दीड वर्षाचं पोर निजवलेलं असतं. त्याच्यापाशी सहा-सात वर्षांची बहीण बसलेली. तिची शाळा गावी राहिली, कारण बाळाला बघायला दुसरं कुणी नाही. आईला बसून राहता येत नाही. मुकादमाची उचल फेडायची आहे.

आई आणि बाळासाठी सरकारांनी काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मात्र जे केलं ते बहुतेक रजा, रोख रक्कम आणि आहार या तीन खात्यांत मोडतं. आई कामावर असताना त्या आठ-दहा तासांत बाळ कुणाच्या हाती असावं, याची सोय अंदाजपत्रकात शोधावी लागते. तरुण कुटुंबांसाठीच्या धोरणातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, असं माझं मत आहे.

आधी कायदे पाहू. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. 1948 च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघराची अट आधीपासून होतीच. महाराष्ट्र सरकारनं 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. हे सगळं चांगलंच आहे, पण ते हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, द्राक्षबागेत रोजानं जाणारी बाई यात कुठेच येत नाही. ऊसतोडणीवाली तर मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावामागे असते.

रोख रकमेचं खातं अलीकडे बरंच मोठं झालं. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला 'लेक लाडकी' योजनेतून टप्प्याटप्प्यानं 1 लाख 1 हजार रुपये मिळायचे आहेत: जन्मल्यावर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. 'लाडकी बहीण'चे महिन्याला 1,500 वेगळे; त्यासाठी 2025-26 च्या अंदाजपत्रकात 36,000 कोटींची तरतूद झाली. हे पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या रकमेचं मोल तिलाच कळतं. पण पुण्या-मुंबईत खासगी पाळणाघराची महिन्याची फी याच्या कितीतरी पट असते आणि फडावर तर विकतही पाळणाघर मिळत नाही. उद्या 'लेक लाडकी'तली मुलगी सहा वर्षांची होईल आणि धाकट्याला सांभाळत बांधावर बसेल, तर तिच्या पहिलीच्या 6,000 रुपयांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच फार पूर्वी सापडलं होतं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत दोघींच्या लक्षात आलं की थोरली मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्रानं 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्यातून पुढे अंगणवाडी देशभर गेली, पण पाळणाघर मागे राहिलं. आज तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत काही तास बसतात. त्याहून लहान बाळाचं वजन-उंची तिथे होते, त्याच्या वाट्याचा आहार घरी नेता येतो. पण बाळाला तिथे ठेवता येत नाही. कायद्यातली रजा बाळ सहा महिन्यांचं होईतो संपते आणि अंगणवाडी तिसऱ्या वर्षी दार उघडते. मधली अडीच वर्षं आजी असेल तर आजीची, नसेल तर थोरल्या बहिणीची.

केंद्राच्या 'पाळणा' योजनेत आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. दिशा अगदी योग्य आहे, आकार मात्र तोकडा: 2025-26 अखेरपर्यंत साऱ्या देशासाठी लक्ष्य 17,000 चं, आणि एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्या सुमारे 1 लाख 10 हजार. शेजारच्या कर्नाटकानं केंद्राची वाट न पाहता 2023 च्या अंदाजपत्रकात 4,000 ग्रामपंचायतींत पाळणाघरं जाहीर केली, तीही रोजगार हमीवरच्या आयांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून.

आपल्याकडे हे काम जिच्या अंगावर पडेल, त्या अंगणवाडी सेविकेची गत काय? 2023 च्या अंदाजपत्रकात तिचं मानधन 8,325 वरून 10,000 रुपये झालं, मदतनिसाचं 4,425 वरून 5,500. केंद्रानं ठरवलेलं मूळ मानधन 2018 मध्ये 4,500 रुपये झालं. सेविकांना ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं एप्रिल 2022 मध्ये दिला. तरीही तीच मागणी घेऊन राज्यातल्या सेविका-मदतनिसांना 4 डिसेंबर 2023 पासून जानेवारी संपत येईपर्यंत संप करावा लागला. नंतर मानधन आणखी वाढलं, पण आजही त्याला पगार म्हणत नाहीत. लसीकरणाला बोलावणं, गरोदर बायकांच्या घरभेटी, मोबाइलवर माहिती भरणं, हे सगळं तीच करते. तिच्यावर पाळणाघर नुसतं लादू नये. त्यासाठी वेगळी बाई, वेगळा पगार आणि पाणी-संडास असलेली खोली हवी.

राज्याचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं. महिला व बालविकास विभागाच्या मागण्यांत पाळणाघरांसाठी किती रुपये ठेवलेत, ते शोधा आणि आकडा हाती घेऊन आपल्या आमदाराला विचारा. ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक विचारावं: हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या तळावर पाळणाघर कोण उघडणार, कारखाना की सरकार?