मूल मारते, चावते तेव्हा...

दोन वर्षांचे मूल खेळणे हिसकावते, चावते, प्रसंगी आईवरच हात उगारते. 'दोन फटके द्या, सुधारेल' हा सल्ला घरोघरी मिळतो. बालमानसशास्त्र मात्र निराळे सांगते. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांच्या अभ्यासांनुसार असे वर्तन साधारणतः दोन ते चार वर्षे या वयात सर्वाधिक असते. पुढे बहुतेक मुलांत ते ओसरते. मुलाला मारणे शिकवावे लागत नाही, शिकवावे लागते ते हात आवरणे.

हा संयम मूल मोठ्यांच्या आधाराने शिकते. बाळ रडले की कुणीतरी धावून येते, या अनुभवातून निर्माण होणाऱ्या भावबंधाचे महत्त्व ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ मधील ग्रंथात विशद केले. २०१० मध्ये ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भावबंध असुरक्षित असलेल्या मुलांत आक्रमकतेसारख्या वर्तनसमस्या काहीशा अधिक आढळल्या. अर्थात, हे एकमेव कारण नव्हे. त्यामुळे सारा दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

जिव्हाळा म्हणजे हवे ते पुरवणे नव्हे. मुलाने हात उगारताच तो हळुवारपणे धरावा. 'तुला राग आलाय, पण मारायचे नाही,' असे शांतपणे सांगावे आणि मग जवळ घ्यावे. उलट फटका दिल्यास राग आला की मारायचे असते, हाच धडा मुलाला मिळतो. शाळेत जाण्याच्या वयातही मारहाण वाढतच असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.