कच्च्या पट्टीवरून उड्डाण
मंडळी, आखूड, कच्च्या पट्टीवर इंजिन ठणठणीत असूनही छोट्या विमानाचा घात होतो. ओली माती चाकं धरून ठेवते, वेग येत नाही, समोर झाडं दिसतात आणि वैमानिक घाईने नाक वर ओढतो. जमिनीलगत पंखांना हवेचा जादा आधार असतो, म्हणून विमान उचलतंही. जरा वर गेलं की तो आधार सुटतो आणि ते खाली बसतं.

उंचीवर आणखी कठीण. लडाखमधली दौलत बेग ओल्डीची पट्टी १६,६१४ फुटांवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. ३१ मे २००८ला हवाई दलाचं एएन-३२ तिथे उतरलं, कौतुक झालं. मला विचाराल तर खरी परीक्षा परत उडण्याची!

छोट्या विमानाचा जाणता वैमानिक पट्टी आधी पायी बघतो. निम्म्या पट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर तिथेच थांबतो.