शब्दाचे पाय मुळात दिसतात

इंपीड म्हणजे अडथळा आणणे. एक्सपेडाइट म्हणजे कामाला वेग देणे. स्पर्धा परीक्षेच्या वहीत असे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात, पाठही केलेले असतात, आणि आठवड्याभरात त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात. दोन्ही शब्दांच्या मधोमध एक पाय दडलेला आहे, तो आपण पाहिलेलाच नसतो.

लॅटिनमध्ये ‘पेड’ म्हणजे पाय. ‘इन’ म्हणजे आत. पुढे ‘प’ आला की त्याचा उच्चार ‘इम्’ होतो. पाय आत अडकवला की झाले इंपीड. पूर्वी कैद्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवत, त्यावरून आपण ‘कामात खोडा घातला’ म्हणतो. नेमके तेच चित्र. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. अडकलेला पाय बाहेर काढला, माणूस मोकळा झाला, की एक्सपेडाइट. एक्सपिडिशन, म्हणजे मोहीम, त्याच घरातली.

ही रीत आपल्याला नवी नाही. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, प्रहार, संहार, परिहार कसे होतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तीच फोड इंग्रजी शब्दांची करायची: आधी उपसर्ग, मग मूळ, शेवटी प्रत्यय.

आता हा पाय आणखी कुठे दिसतो ते पाहू. पेडल पायाने मारायचे, पेडेस्ट्रियन पायी चालणारा. ग्रीकमध्ये ‘पेड’चे रूप ‘पोड’ किंवा ‘पूस’. म्हणून ट्रायपॉड ही शब्दशः तिपाई, आणि ऑक्टोपस आठ पायांचा. बुद्धिबळाच्या पटावरही गंमत आहे. आपले ‘प्यादे’ फारसीतून आले, इंग्रजी ‘पॉन’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे; दोघांचा अर्थ पायदळाचा शिपाई, आणि दोघांच्या मुळाशी तोच पाय.

मग खुद्द ‘फूट’चे काय? कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत 1786 साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे मांडले. 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतल्या ध्वनिबदलांचे नियम सांगितले. त्यांचा उपयोग असा: लॅटिनमधल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ आणि ‘द’च्या जागी ‘ट’ शोधायचा. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर. संस्कृत दश, लॅटिन देकेम, इंग्रजी टेन. ‘पद’ला दोन्ही नियम लावा: ‘प’चा ‘फ’, ‘द’चा ‘ट’, आणि समोर फूट उभा! मात्र फूट संस्कृतातून इंग्रजीत गेला असे समजू नये. हे शब्द भावंडे आहेत, मायलेकरे नव्हेत.

इथे एक खड्डा आहे. ऑर्थोपेडिक या शब्दात पाय आहे असे कोणालाही वाटेल, पण तो तिथे नाही. ग्रीकमध्ये ‘पाइस’, सामासिक रूप ‘पाइड’, म्हणजे मूल. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यांनी 1741 मध्ये मुलांच्या शरीरातली व्यंगे सुधारण्यावर पुस्तक लिहिले आणि ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ, अधिक ‘पाइड’, असा शब्द घडवला. म्हणून मुळावरून फक्त अंदाज बांधायचा. निकाल शब्दकोशाने द्यायचा.

वही अशी ठेवा. एका पानावर एकच मूळ, मधोमध. नवा शब्द भेटला की आधी त्याची फोड करून अर्थ स्वतः लिहा, मग कोश उघडा. अंदाज चुकला तर तो खोडू नका; शेजारी बरोबर अर्थ लिहा, कारण चुकलेलाच शब्द जास्त लक्षात राहतो. खाली स्वतःचे एक वाक्य हवेच.

सुरुवातीला दोन शब्द घ्या: पेडिक्युअर आणि पेडिॲट्रिक्स. एकात पाय आहे, दुसऱ्यात मूल. कुठले कुठे, ते कोश न उघडता सांगा.